डावीकडचा ब्रेक

"सर, तुम्हाला ब्रेक मारायला कोणी शिकवलं?"

माइक हातात आल्याबरोबर बारावीतल्या गोपिका झाडेनं हे विचारून टाकलं आणि शेवटच्या रांगेतल्या मयुरीनं रोशनीला असा चिमटा काढला की ती बिचारी अर्धी उभीच राहिली. पैज त्या दोघींनी लावली होती. गोपिकानं हा प्रश्न विचारला तर जीवशास्त्राच्या फायलीतल्या तिच्या उरलेल्या सगळ्या आकृत्या मयुरी काढून देणार, आणि नाही विचारला तर दोघींच्या आकृत्या गोपिकानं काढायच्या. पण खरं सांगायचं तर आकृत्या नसत्या तरी तिनं विचारलंच असतं. आठ महिने ती हा प्रश्न दाताखाली धरून बसली होती.

जानेवारी, म्हणजे रस्ता सुरक्षेचा महिना. पुलगावच्या त्यांच्या शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून शौनक आला होता. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांचा मुलगा, वय चोवीस, बुडाखाली लाल रंगाची परदेशी गाडी, मोबाइलवर चाळीस हजार लोक मागे. मुख्याध्यापकांनी त्याची ओळख 'आपल्या जिल्ह्याचा वेगाचा राजा' अशी करून दिली. सुरक्षेच्या कार्यक्रमात वेगाचा राजा बोलावलाय, हे त्यांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

"कोणीच नाही," शौनक खुर्चीत रेलून म्हणाला. "ब्रेक काय शिकायची गोष्ट आहे? तो रक्तात पाहिजे."

"पण सर, आमच्या अल्टोत शिकत होते ना तुम्ही? मी मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायची."

शौनकनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा खुलला.

"अच्छा. तू त्या बंडीवाल्या मास्तरची पोरगी."

सभागृह हसलं. नुसतं हसलं नाही, मागून कोणीतरी 'हाट, हाट' केलं आणि दहावीच्या पोरांनी जिभेनं बैल हाकलले. गोपिकाचे कान तापले, पण माइक तिनं सोडला नाही.

"एक काम कर," शौनक म्हणाला. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी सिंदी रेल्वे गावाकडच्या गाड्यांच्या ट्रॅकवर आमचा ड्रायव्हिंग डे आहे. घेऊन ये तुझ्या बाबांची बंडी. एन्ट्री माझ्याकडून. फक्त अठरा पूर्ण पाहिजे."

"नोव्हेंबरातच झाले. लायसन पण आलं," गोपिका म्हणाली. "येते मी."

माइक परत करताना तिचा हात अजिबात कापला नाही, आणि या गोष्टीचं तिला स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं की जागेवर जाऊन बसेपर्यंत लोक हसताहेत हेसुद्धा ती विसरली.

बंडीची, म्हणजे बैलगाडीची, भानगड अशी. मागच्या मे महिन्यात गोपिकाचे वडील, बापूराव झाडे, देवळीच्या रस्त्यावर एका बाईंना गाडी शिकवत होते. बाई एकसष्ट वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, गल्लीबाहेर पहिल्यांदाच निघालेल्या. गाडी तीसच्या वेगानं चाललेली आणि टपावर निळा बोर्ड, 'झाडे मोटर ड्रायव्हिंग स्कूल, नाचणगाव'. मागून शौनक आला. त्यानं पुढे काढायची सोडून पाच मिनिटं मागे राहून व्हिडिओ घेतला, त्याला बैलांच्या घागरमाळांचा आवाज जोडला, वर लिहिलं 'पुलगावची सगळ्यात फास्ट बंडी', आणि दिला टाकून. दोन दिवसांत तो जिल्हाभर फिरला. वर्ध्याच्या मावशीनं तर गाडी कोणाची आहे ते न बघता गोपिकाच्या आईलाच पाठवला, खाली हसून रडणारे सात चेहरे.

त्या बाई परत आल्या नाहीत. मग कॉलेजची पोरं येईनाशी झाली, कारण त्या गाडीत बसलं की चौकातल्या पानठेल्यावरून 'हाट, हाट' सुरू व्हायचं. एकोणीस वर्षं अर्ध्या पुलगावाच्या लायसनाखाली ज्या माणसाचा पाय होता, त्यानं जूनमध्ये एका सकाळी टपावर चढून बोर्डाचे चार नट काढले. कोणाशी एक शब्द बोलला नाही. आता बापूराव सकाळी एका शाळेची व्हॅन चालवत, आणि कोणी चुकूनमाकून शिकायला आलंच तर त्याला बिनबोर्डाच्या गाडीत, आडरस्त्यानं नेत.

गोपिका मात्र बोलली होती. वहीच्या मागच्या पानावर तिनं शौनकवरच्या सूडाचे सोळा प्रकार लिहून ठेवले होते. चौथा प्रकार रोशनीनं सुचवलेला, पेट्रोलच्या टाकीत साखर. नववा तिचा स्वतःचा, त्याच्या लग्नाच्या वरातीपुढे खरीखुरी बैलबंडी आडवी लावायची. ट्रॅकवर जाऊन चारचौघांत त्याचं नाक कापायचं, हे त्या यादीत नव्हतं. संध्याकाळी सायकलवरून घरी येता येता तिनं ते सतरावं म्हणून लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"परीक्षा महिन्यावर आली अन् हे पोट्टी गाडी घेऊन बोंबलत जाते," आई म्हणाली. कमलाबाई अंगणवाडीत मदतनीस. दिवसभर चाळीस लेकरांना शांत बसवून घरी आल्यावर आवाज चढवायची त्यांची ताकद उरत नसे, म्हणून त्या रागावल्या तरी बातमी सांगितल्यासारख्या वाटत. अंगणात बसून त्या मुंगवड्या घालत होत्या. खाली जुनी साडी, साडीखाली तो निळा बोर्ड. वड्या वाळवायला इतकी सपाट दुसरी वस्तू घरात नव्हती.

"आई, एकच दिवस. रविवार आहे."

"तुया एक दिवस. तो शौनक्या हसन, अन् मंग आठ महिने आमी घराबाहेर तोंड काहाडाचं नाई."

"या वेळेस तो नाई हसत."

बापूराव पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "पत्रक दे बरं ते."

गोपिकानं मोबाइलवर ड्रायव्हिंग डेचं पत्रक उघडून पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, खालच्या बारीक अक्षरांसकट.

"रेस नाई हे," ते म्हणाले. "टायमिंग नाई, नंबर नाई. शिकासाठी आहे. पुण्याची कोनी शाल्मली मॅडम येऊन राह्यली."

"हो, पण..."

"तुले शिकाले जाचं आहे का त्याले मारून याचं आहे?"

"मारून याचं आहे," गोपिका म्हणाली. तिला बाबांशी खोटं बोलता येत नसे. निदान तोपर्यंत येत नव्हतं.

बापूरावांनी उरलेला चहा संपवला. "ब्रेक ऑइल बदला लागन," एवढंच म्हणाले आणि गाडीकडे गेले.

तयारी सुरू झाली. नाचणगावच्या बाहेर एक ले-आउट आहे. सिमेंटचे रस्ते झाले, प्लॉटांचे दगड लागले, पण घर एकही नाही. सगळं पुलगाव गाडी शिकलं ते तिथंच. रोज सहा वाजता बाप-लेक तिथं जात आणि व्हॅनच्या वेळेला परत येत. बापूराव रस्त्यावर चुन्याची रेघ मारत, चाळीस पावलं मागे येत आणि डावीकडच्या सीटवर बसत. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, शिकवण्याच्या गाडीत असतो तो. सळईनं गोपिकाच्या ब्रेकला जोडलेला.

"रेघेवर थांब."

गोपिका दाबायची. टायर किंचाळायचे आणि गाडी घसरत रेघेच्या पुढे जायची.

"टायर रडला म्हणजे गाडी तुयी नाई राह्यली. रडाच्या आदी, जरासं अलीकडे, तिथं पाय धरून ठेव. अन् डोये रेघेवर ठेवू नको. रेघेच्या पल्याडचा तो बाभयीचा फाटा पाहा."

"फाट्याकडे पाहून रेघेवर कशी थांबू?"

"भाकर थापतानी तुयी आई हाताकडे पाह्यते का?"

बाराव्या सकाळी गाडी न रडता थांबली. बापूराव खाली उतरले, रेघ आणि बंपर यांच्यामध्ये हाताची वीत लावली आणि पुन्हा येऊन बसले. "परत," ते म्हणाले. त्यांच्या शाळेत यापेक्षा मोठं बक्षीस कोणालाच मिळालेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मयुरी आणि रोशनी गाडी रिकामी करायला आल्या. ट्रॅकच्या पत्रकात लिहिलं होतं की गाडीत एकही सुटी वस्तू नको. पायपुसणी निघाली, डॅशबोर्डावरचा गणपती निघाला, लिंबू-मिरची निघाली, तिसरीतलं गोपिकाचं खोडरबर निघालं. गाडी ओढायचा हूक सापडेना म्हणून डिकीतलं स्टेपनीचं चाक उचललं, तर खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या वह्या.

प्रत्येक शिकणाऱ्याचं एक पान. बापूरावांचं अक्षर, पिशवीतल्या ओलीनं जागोजागी फुटलेलं. कोण क्लच झटक्यानं सोडतो, कोणाला उजवं-डावं कळत नाही, कोण घाटात रडलं. मयुरी पानं उलटत गेली आणि एका पानावर थांबली.

"गोपे. इकडे ये."

'शौनक. पंधरा दिवसांचा क्लास. दिवस १. हात थरथरतात. पाणी दिले. दिवस ६. गिअर चांगला. दिवस ९. जोरात ब्रेक लागला की डोळे मिटतो. तीन वेळा माझा पाय. त्याला बोललो नाही, मनाला लावून घेईल. दिवस १०. पुन्हा डोळे. उद्यापासून फक्त ब्रेक. दिवस ११.'

अकराच्या पुढे कोरं होतं.

"वेगाचा राजा," रोशनी म्हणाली, "डोळे मिटून."

तिघी इतक्या हसल्या की मयुरीला डिकीला धरून उभं राहावं लागलं. मग हसू थांबलं आणि मयुरीनं गोपिकाचाच मोबाइल घेऊन पानाचा फोटो काढला. "सोळा नको अन् सतरा नको. हे टाक. आताच्या आता टाक."

"काय टाकता?"

मागे बापूराव उभे होते, हातात ब्रेक ऑइलची बाटली. त्यांनी मयुरीच्या हातातून वही घेतली, कोणतं पान आहे ते पाहिलं आणि मिटवली.

"फोटो काढला का?"

"नाई," गोपिका म्हणाली. हे ते पहिलं खोटं.

"गाडीत जे होते ते गाडीतच राह्यते," बापूराव म्हणाले. "मानूस माया बाजूले बसून घाबरते, रडते, कोनी लघवी करते. मी गावाले सांगत फिरलो तं उद्या कोन बसन?"

"असाही कोनी बसत नाई, बाबा."

मयुरी आणि रोशनी एकदम पायपुसणी झटकायला लागल्या. बापूराव काही वेळ बाटलीच्या झाकणाशी खेळले.

"त्यानं तुमचं गावाले दाखवलं," गोपिकाचा आवाज फाटला. "त्यानं नाई विचार केला. मंग त्याचं आपन काऊन झाकाचं?"

"तो माया इद्यार्थी आहे."

"पयून गेला तो. दहाव्याच दिवशी."

"हो," बापूराव म्हणाले, जणू त्यांच्याच हातून काही राहून गेल्यासारखं. आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

शनिवारी संध्याकाळी एकच काम उरलं. पत्रकात अकरावा नियम होता, प्रवाशाच्या बाजूला जादा पेडल नको. बापूराव गाडीत उताणे निजले, पाय बाहेर, डोकं डॅशबोर्डाखाली. गोपिका बॅटरी धरून उभी.

"बाबा, तुमी पन चला ना उद्या."

"नाई. मी असलो तं तू मायाकडे पाहशीन. समोर पाहाचं." आतून नट फिरल्याचा आवाज आला. "पंधरा नंबरचा पाना दे."

दोन नट निघाले. सळई निघाली. मग ते पेडल हातात घेऊन बाहेर आले. रबराचा नक्षीदार भाग पार गुळगुळीत झालेला, मधोमध बुटाच्या आकाराचा खळगा. एकोणीस वर्षांत कितीदा त्यांनी ते दाबलं असेल, कोणाकोणाला भिंतीवर, म्हशीवर, एकमेकांवर जाण्यापासून वाचवलं असेल. त्यांनी ते बनियनला पुसलं आणि गोपिकाच्या हातात दिलं.

"घरात ठेवजो. आता माया पाय नाई, हां."

गोपिकानं ते उशाशी ठेवलं. मग मोबाइल काढून तो फोटो उघडला, मोठा करून परत एकदा वाचला आणि मोबाइलही पेडलच्या बाजूलाच ठेवला.

सिंदी रेल्वेच्या पलीकडे गाड्या तपासायला कोणी एकानं बांधलेला दीड किलोमीटरचा तो ट्रॅक. कपाशीच्या शेतांच्या मधोमध, काळ्या वेलबुट्टीसारखा. रविवारी सकाळी आठला तिथं एकवीस गाड्या उभ्या होत्या, वीस चकचकीत आणि एक अल्टो. गोपिकानं बाबांचा पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला, डोक्यावर मयुरीच्या काकांचं हेल्मेट. मयुरी आणि रोशनी कुंपणाला लटकून.

शाल्मली मॅडम पन्नाशीच्या, कापलेले पांढरे केस, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी रांगेत सगळ्यांना ट्रॅकवर एक ओळखीची फेरी मारायला लावली. आणि तिथंच गोपिकाचा घात झाला.

ती वळणाला इंडिकेटर देत होती.

नऊच्या नऊ वळणांना. डावीकडे वळायचं तर डावा, उजवीकडे तर उजवा, आधी आरशात पाहून. सातव्या वळणाला पलीकडचं दिसत नव्हतं म्हणून तिनं हॉर्नसुद्धा वाजवला. हातपाय आपोआप करत होते, झाडे मास्तरच्या घरात वाढलेल्या माणसाचे करतात तसे. परत आली तेव्हा झेंडेवाले पोटं धरून हसत होते, आणि शौनकनं आयोजकांचा माइक घेऊन मोबाइलवरच्या घागरमाळा त्याला लावल्या होत्या. घुंगरांचा आवाज कपाशीवरून दूरवर गेला.

"बंडी आली, जागा द्या," तो म्हणाला.

गोपिका गाडीतून उतरलीच नाही. मोबाइल गाडीत नको म्हणून तिनं तो रोशनीकडे दिला होता. तिनं काच खाली केली आणि कुंपणाकडे पाहिलं. रोशनीनं मोबाइल वर धरला, भुवया उंचावल्या, टाकू? एका होकाराचा प्रश्न होता. चाळीस हजार लोक मागे असलेला माणूस संध्याकाळपर्यंत डोळे मिटलेला राजा झाला असता.

गोपिकानं मान हलवली. नाही म्हणून नव्हे, थांब म्हणून. तिला तो डोळे मिटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

मग ब्रेकचा तास झाला. सरळ रस्त्यावर ऐंशीनं यायचं, शंकूंच्या दोन रांगांमध्ये शिरलं की ब्रेक लावायचा आणि पिवळ्या पट्टीच्या आत थांबायचं. शाल्मली मॅडम प्रत्येकाच्या डावीकडे बसत. भारी गाड्यांचे ब्रेक भारी, पण चालवणारे पट्टीकडे पाहत. सातजण पट्टी ओलांडून गेले. शौनकनं तीन शंकू उडवले आणि नवीन टायर अजून बसले नाहीत असं माइकवर सांगितलं.

गोपिकाची वेळ आली. अल्टो ऐंशीला पोचेपर्यंत तिचं दार खडखडत होतं. पट्टीच्या पलीकडे, कुंपणाबाहेर, एक बाभळीचं झाड होतं. असणारच होतं. तिनं त्याच्या फाट्यावर डोळे ठेवले आणि पाय दाबला, टायर रडायच्या जरासं अलीकडे धरला. डावीकडे कोणाचा पाय नव्हता. गाडी नाक खाली घालून, निमूट, थांबली.

झेंडेवाला वाकून पाहू लागला. बंपर आणि पट्टी यांच्यात एक वीत.

"परत," शाल्मली मॅडम म्हणाल्या.

परत एक वीत. तिसऱ्यांदा एक वीत.

मॅडमनी हेल्मेट काढलं. "या गाडीत चाकं लॉक होऊ नयेत म्हणून काहीच बसवलेलं नाही. कोणी शिकवलं तुला?"

"बापूराव झाडे," गोपिका इतक्या मोठ्यानं म्हणाली की कुंपणापर्यंत गेलं. "नाचणगाव."

"त्यांना घेऊन का नाही आलीस?" मॅडम म्हणाल्या, आणि मागे वळून बाकीच्या वीसजणांना सांगितलं, "ही कुठे बघते ते बघा."

शौनकला हे सहन होण्यासारखं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी तो स्वतःच आला, दोन मित्र मागे शूटिंग करत. "चल बस. खरा वेग दाखवतो तुला. मॅडमची परवानगी आहे, पाहुण्यांना एक फेरी."

गोपिका लाल गाडीच्या डाव्या सीटवर बसली. बाबांच्या जागेवर.

फेरी सुरू झाली आणि खरोखर, पाठ सीटला चिकटली. तो चालवत होता बरा, गिअर चांगला. सरळ रस्ता आला, काटा दीडशेच्या पुढे गेला, समोर वळण वाढत वाढत आलं. गोपिका रस्त्याकडे पाहत नव्हती. ती हेल्मेटच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहत होती.

त्यानं ब्रेक दाबला, आणि डोळे मिटले.

अर्धा सेकंद असेल. गोपिकाचा पाय आपोआप पुढे गेला आणि रिकाम्या गालिच्यावर आपटला. "डोये उघडा," ती म्हणाली, ओरडली नाही, म्हणाली. बाबा ज्या आवाजात म्हणत त्याच आवाजात. त्यानं उघडले. गाडी मागून लचकली, सावरली, वळणातून निघाली.

उरलेली फेरी तो तीसनं चालवत आला. कुंपणावरून कोणी घागरमाळा वाजवल्या नाहीत.

गाडी उभी राहिली तरी दोघं उतरले नाहीत. मित्र बाहेर मोबाइल धरून उभे, काचा बंद.

"मास्तरनं सांगितलं तुले?" शौनक समोर पाहत म्हणाला. त्याची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"बाबा कोनाचंच सांगत नाई. सांगत असते तं आठ महिने राजा राह्यले असते का तुमी?"

त्यानं इंजिन बंद केलं.

"पन मी बाबा नाई," गोपिका म्हणाली. "मायाकडे तुमच्या पानाचा फोटो आहे. दिवस नऊ अन् दिवस दहा. बोट ठेवाची देर आहे."

"काय पाहिजे?"

हा प्रश्न तिनं आठ महिने स्वप्नात ऐकला होता, आणि सोळाच्या सोळा उत्तरं तिला पाठ होती. पण तिच्या तळपायात अजून तो रिकामा गालिचा ठणकत होता. पुढच्या वेळी याच्या बाजूला कोणीच नसेल आणि पुढे कोणी असेल, हे एकदम तिच्या लक्षात आलं. तिला त्याचा राग आला. सूड घेताना माणसाची काळजी वाटायला लावणं हासुद्धा त्याचाच अन्याय होता.

तिनं दोन मिनिटांत त्याला आपल्या अटी सांगितल्या. तो आधी नाही म्हणाला, मग खिडकीबाहेरच्या मित्रांकडे पाहिलं, मग हो म्हणाला.

गोपिका घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. कमलाबाई अंगणात वड्या पालथ्या करत होत्या. बापूराव पायरीवर. त्यांनी आधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चारी टायरांवरून हात फिरवला, मग लेकीकडे पाहिलं.

"टायर रडले नाई वाटते."

"एकदाबी नाई. पन मी नऊ वळनाले इंडिकेटर दिला, अन् लोक हासले."

"दिला तं दिला," बापूराव म्हणाले. "मागच्याले समजते."

"त्याचं काय झालं?" आईनं विचारलं. "त्या शौनक्याचं?"

गोपिकानं हेल्मेट पायरीवर ठेवलं. वाटेत तिनं हे कसं सांगायचं ते तीनदा ठरवलं होतं आणि तिन्ही विसरली होती.

"बाबा, त्याचे पाच दिवस बाकी होते ना? उद्यापासून तो येते. तुमच्या व्हॅननंतर, दहा वाजता. ले-आउटवर नाई, चौकातून. पानठेल्यापुढून, तीसच्या वर नाई. तो चालवन, तुमी बाजूले. त्याचा व्हिडिओ तोच टाकन, स्वतःच्या नावानं. अन् गाडीवर बोर्ड पाहिजे."

कमलाबाईंचा हात वडीवर थांबला.

बापूराव लेकीच्या जवळ आले. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "डोये... अजून मिटते का तो?"

गोपिका बाबांकडे पाहत राहिली. खिशात मोबाइल होता, मोबाइलमध्ये फोटो होता, आणि तो पाचव्या दिवशी पुसायचा हे तिनं ठरवून टाकलं होतं.

"गाडीत जे होते ते गाडीतच राह्यते, बाबा."

बापूरावांनी मान खाली घातली. हसले की काय, ते कळलं नाही. मग ते उठून बोर्डापाशी गेले, उकिडवे बसले आणि साडीवरच्या ओलसर वड्या एकेक करून, न मोडता, परातीत काढायला लागले. 'ड्रायव्हिंग'मधला 'ड्रा' दिसायला लागला. कमलाबाईंनी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.

गोपिका घरात गेली आणि उशाशी ठेवलेलं पेडल घेऊन आली. ते तिनं बाबांच्या बाजूला, पंधरा नंबरच्या पान्यासकट, ठेवलं.

"अन् परीक्षा?" आईनं वर न पाहता विचारलं.

"पुस्तकं घेऊन येईन," गोपिका म्हणाली. "पाचही दिवस मी मागच्या सीटवर बसनार आहे."